वाणात गेलेल्या बाटल्या

आईच्या पायांना मुंग्या येतात हे माझ्या आधी बायकोच्या लक्षात आलं. पोळ्या लाटता लाटता आई एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासायची. पाहत मीही होतो, पण आमच्या घरात विचारण्याचं खातं बायकोकडे आहे. तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "काही नाही ग. जरा बधिरल्यासारखं होतं. वय झालं की व्हायचंच."

"काय व्हायचंच ते डॉक्टरला ठरवू दे," असं म्हणून बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी "बघू" म्हणालो. माझ्या "बघू"चा अर्थ तिला चोवीस वर्षांत पाठ झालेला आहे.

त्या "बघू"पासून पुढं जे झालं ते मी कुणाला एका दमात सांगितलेलं नाही. ज्याला जेवढं सांगावंच लागलं तेवढं सांगितलं. आता सगळं लिहून टाकतो.

इथं ग्वाल्हेरला, दौलतगंजात आमचं औषधांचं एक ठरलेलं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दुकानदार आता खूप थकलेत, पण अजून स्वतःच बसतात. मी त्यांना म्हणालो, आईसाठी ताकदीची एखादी गोळी द्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन, जे काही असेल ते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, गोली तो मैं अभी दे दूँ. पर माताजी के शरीर में कमी किस चीज़ की है, आपको पता है?"

"नहीं."

"मुझे भी नहीं. पहले डॉक्टर को दिखाइए, खून की जाँच करवाइए. फिर आइए, दुकान यहीं है."

घरी येऊन मी सांगितलं की त्यांच्याकडे चांगला माल नव्हता. ही पहिली थाप.

ती का मारली तेही सांगतो. वडिलांचा रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. लॅबच्या जिन्यात उभा राहून लिफाफा उघडला, आणि मग तासभर थाटीपुरात आमच्याच घराच्या आसपास स्कूटर फिरवत राहिलो, कारण वर जाऊन सांगायचं कसं ते सुचेना. त्यानंतर वडील चार महिने होते. तेव्हापासून लॅबचा लिफाफा मी हातात घेतलेला नाही. आईच्या नावाचा लिफाफा मला नको होता. त्यापेक्षा बाटली बरी वाटत होती. बाटली उघडल्यावर काही वाचावं लागत नाही.

म्हणून मी बाटलीच्या मागे लागलो. माझं ऑफिस इंदरगंजात आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं चौकातलं एक दुकान सांगितलं. तिथं काचेच्या कपाटात प्रोटीन पावडरचे बादलीएवढे डबे होते आणि प्रत्येकावर फुगलेल्या दंडांचा एक तरुण. विक्रेत्यानं माझ्या पोटाकडे पाहून अदबीनं विचारलं, "सर, अपने लिए?" मी म्हणालो, आईसाठी, वय चौऱ्याहत्तर. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्याच दंडांचा एक जरा लहान डबा त्यानं पुढं केला. आईनं रोज सकाळी ते पाण्यात घुसळून प्यायचं, असं त्याचं म्हणणं. मी फोन आल्यासारखं करून बाहेर पडलो.

शेवटी मोबाइलवर शोधलं. दिवाळीचे दिवस होते, सगळीकडे सेल. सगळी जीवनसत्त्वं, कॅल्शियम, लोह, सगळं एकाच गोळीत, आणि बारा बाटल्यांचा संच अगदी स्वस्तात. खाली लिहिलं होतं, महिन्याला एक बाटली, वर्षभराची सोय. मला तो "सोय" शब्द फार आवडला. वर्षभर आईच्या पायांचा विचार करायला नको. मी बटण दाबलं.

खोकं आलं तेव्हा घरात मी एकटाच होतो. बाटल्या दिसायला छान होत्या, पांढऱ्या, हिरव्या झाकणाच्या. एक उचलून तळाशी पाहिलं, तिथं काही नव्हतं. वापरायची शेवटची तारीख बाजूला होती, बारीक अक्षरांत. त्याच वर्षाचा डिसेंबर. म्हणजे जेमतेम दोन महिने. बाराही बाटल्यांवर तेच. स्वस्त का होत्या ते तेव्हा समजलं.

परत करता आल्या असत्या. पण परत केल्या की बायको विचारणार, मग आता काय? आणि मग लॅब. मी टेबलाशी बसलो, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि मोठ्या अक्षरांत बारा वेळा लिहिलं, "रोज एक, जेवणानंतर." आईला बारीक इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मराठीतून लिहितोय, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटंही नव्हतं. पण पट्टी बाटलीवर नेमकी कुठं चिकटवायची ते मी ठरवूनच चिकटवलं. तारखेवर.

आई त्या बाटल्या हातात घेऊन किती वेळ पाहत बसली होती. "बाराच्या बारा बाटल्यांवर लिहिलंस? एकेक करून?" ती म्हणाली. शेजारच्या बाईला बोलावून तिनं माझं अक्षर दाखवलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

त्यानंतर रोज ऑफिसला निघताना मी दारातून विचारायचो, "आई, गोळी घेतली ना?" आणि आतून "हो" यायचं. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

जानेवारीत संक्रांत झाली. वडील गेल्यापासून घरात हळदीकुंकू झालं नव्हतं, या वर्षी बायकोनं ते करायचं ठरवलं. आईनं बाहेर यावं म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. आई म्हणाली, "नको ग. मी आतून पाहीन. वाण मात्र माझ्या मनाचं असू दे." बायकोला वाटलं, वाट्या-बिट्या आणल्या असतील. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी बायकांत वाणाची चर्चा वर्षभर चालते. अमकीनं चाळणी दिली, तमकीनं साबण ठेवायची डबी दिली, आणि दिलेली वस्तू कुणी नाकारत नाही.

अशा वेळी आमच्याकडे पुरुषांना घराबाहेर काढतात. मी संध्याकाळी परतलो तेव्हा बायका गेल्या होत्या. ताटात तिळगुळाचा चुरा आणि गजकाचे, इकडच्या तिळाच्या वडीचे, तुकडे होते. बायको भलतीच खुशीत होती.

"अहो, आईंनी कमालच केली. काय वाण दिलं माहितीये? तुमच्या त्या गोळ्यांच्या बाटल्या! नऊ जणी आल्या होत्या, नऊ बाटल्या. सगळ्या म्हणाल्या, असलं कामाचं वाण आजवर कुणी दिलं नाही."

आई पलंगावर बसून पाय चोळत हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला तसं हसताना पाहिलं. "एवढं चांगलं औषध मी एकटीनं खायचं म्हणजे बरं नाही वाटत रे," ती म्हणाली. "आणि तुझं अक्षर आहे त्यावर. आठवण राहील सगळ्यांकडे."

माझ्या अक्षरातल्या नऊ पट्ट्या नऊ घरांत गेल्या होत्या. प्रत्येक पट्टीखाली उलटून गेलेली तारीख.

मी जेवलो. काय जेवलो आठवत नाही. त्या हसण्यासमोर "आई, त्या बाटल्या जुन्या आहेत" म्हणायला माझी जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी दौलतगंजच्या दुकानात जाऊन आडून आडून विचारलं, तारीख गेलेली ताकदीची गोळी कुणी खाल्ली तर? "ज़हर तो नहीं बन जाती," ते म्हणाले. "पर जो चीज़ अपनी तारीख़ पर खरी नहीं रही, उसका भरोसा किसी को क्यों दिलाना?" त्यांनी ते गोळीबद्दल म्हटलं होतं. मला मात्र तिथं उभं राहवेना.

त्या रविवारपासून मी दारोदार फिरू लागलो. थाप ठरलेली होती. कंपनीनं बाटल्या परत मागवल्या आहेत, नव्या येणार आहेत. वाण परत मागायला आलेला माणूस त्या बायकांनी जन्मात पाहिला नसेल. एकीनं बाटली देवघरातून काढून दिली, तिथं तिळगुळाशेजारी ठेवली होती. एकीनं पिशवीत घालून दिली आणि वर म्हणाली, "भाऊजी, वाण परत नेतात हे आज पहिल्यांदा पाहिलं. हळदीकुंकवाचं बोट पण पुसून नेता का?" एक काकू काही केल्या देईनात.

"अरे, माझे गुडघे बरे झाले त्यानं."

"काकू, चारच दिवस झाले."

"मग? चार दिवसांत इतका फरक, म्हणजे महिन्यानं मी किल्ला चढेन. नाही देणार जा."

बायकोला संशय येऊ लागला होता. "रविवारी नऊला उठणारा माणूस सकाळी सातला लोकांच्या घरी चहा पीत फिरतोय," ती म्हणाली. "निवडणुकीला उभे राहताय का?" मी म्हणालो, जुन्या ओळखी जपायला हव्यात. तिनं भुवया उंचावल्या, आणि तेवढ्यावर सोडलं.

सात बाटल्या परत आल्या. आठवी त्या काकूंकडे राहिली. नववी होती माझ्या शाळेतल्या बाईंकडे.

बाईंनी मला चौथीत मराठी शिकवलं. ऐंशी ओलांडली आहे, एकट्या राहतात. आईची आणि त्यांची मैत्री माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची; हळदीकुंकवाला आल्या त्याही आत आईपाशी बसायला. मी थाप सांगायला सुरुवात केली. अर्धी झाल्यावर त्यांनी हात वर केला, वर्गात करायच्या तसा. उठून कपाटातून बाटली आणली आणि माझ्यासमोर ठेवली. पट्टीचं एक टोक उचकटलेलं होतं.

"तुझं अक्षर पाहिलं म्हणून मी पट्टी नीट पाहिली," बाई म्हणाल्या. "तू लहानपणी चुकलेल्या शब्दावर कागद चिकटवून वर पुन्हा लिहायचास. आठवतं? मी दर वेळी कागद उचकटून खाली पाहायची."

मी बाटली फिरवून पट्टीची बाजू भिंतीकडे केली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग बाटली मिळणार नाही. आधी तिला सांग. सांगितलंस की घेऊन जा."

"बाई, तिला फार लागेल. इतक्या दिवसांनी तिनं काही हौसेनं केलं."

"हो ना. आणि तू ते सगळ्यांच्या घरांतून गोळा करून आणतोयस, तिच्या पाठीमागे. ते कमी लागेल?"

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "सांगितलंस?" मी "अजून नाही" म्हणायचो, त्या "बरं" म्हणून ठेवायच्या. एक शब्द जास्त नाही. असे कितीतरी रविवार गेले. घरातल्या तीन बाटल्या मी हलवल्या नाहीत, आई विचारेल म्हणून. माझं रोजचं दारातलं "गोळी घेतली ना?" मात्र बंद झालं होतं. आईनं त्याचं कारण विचारलं नाही.

सांगणं घडलं ते एका चपलेमुळं. एका सकाळी आई कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन आली आणि दार मी उघडलं. तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती.

"आई, चप्पल?"

तिनं खाली पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तिला कळलंच नव्हतं. वाटेत कुठंतरी चप्पल पायातून निघून गेली, आणि ती खडी तुडवत एका अनवाणी पायानं घरापर्यंत चालत आली. तळवा दोन ठिकाणी सोलला होता, तेही तिला जाणवलं नव्हतं.

मी बादलीत पाणी आणलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचा पाय धुवायला खाली बसलो. मी वर पाहत नव्हतो, बहुतेक म्हणूनच बोलता आलं. दौलतगंजच्या दुकानदारांचं म्हणणं, स्वस्तातलं खोकं, पट्टीखालची तारीख, कंपनीची थाप, सात बाटल्या, सगळं सांगितलं. सांगताना तोच तळवा मी तीन वेळा धुतला.

आईनं ओला पाय बादलीच्या काठावर टेकवला. मग तिनं विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"आधी आईला सांग म्हणाल्या."

"बरोबर म्हणाल्या." जरा थांबून ती म्हणाली, "मी पण एक सांगते. पहिल्या आठ दिवसांनंतर मी त्या गोळ्या घेतल्याच नाहीत. तोंडाला वास यायचा. तू दारातून विचारायचास, मी हो म्हणायचे. एवढं लिहून दिलंयस, तुला वाईट वाटेल म्हणून."

मी वर पाहिलं.

"आता उद्या रक्त द्यायला जाऊ," ती म्हणाली. "आणि लिफाफा तू उघडू नकोस. मी उघडेन."

"लिफाफ्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? यांच्या वेळी तू तासभर स्कूटर फिरवत होतास ना खाली? गॅलरीतून दिसत होतं आम्हाला. तिसऱ्यांदा गेलास तेव्हा हे म्हणाले, येईल वर, घाई करू नको त्याची. मग मी तुझ्यासाठी चहा टाकला."

तो चहा मला आठवतो. मी वर आलो तेव्हा तो कपात तयार होता, आणि आज चहा लवकर कसा, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बायकोला रात्रीच सगळं सांगितलं होतं. ती रागावली, आणि ते बरंच झालं. लॅबमध्ये आम्ही तिघं गेलो. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. लिफाफा आईनंच उघडला, कागद बायकोच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच ग." बी-ट्वेल्व्ह फारच कमी होतं. दुसरं भलतंसलतं काही नाही. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं, मग गोळ्या लिहून दिल्या. सोबत नेलेली माझी बाटलीही त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिली. "ह्यात सगळं थोडं थोडं आहे," त्या म्हणाल्या. "यांना जे पाहिजे ते यात पुरेसं नाही. ताजी असती तरी उपयोग नव्हता." मग रिपोर्ट घडी करता करता, काही दोष द्यायच्या सुरात नाही, सहजच म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं."

त्या गोळ्या दौलतगंजातूनच घेतल्या. दुकानदारांनी बिल केलं, गोळ्यांची पट्टी उलटी करून तारखेवर बोट ठेवून मला दाखवली, आणि माताजींना नमस्कार सांगायला सांगितलं. गोळ्या घ्याव्यात की नाही, कुठून घ्याव्यात, असं आता मला कुणी विचारलं तर मी त्यांचीच वाक्यं सांगतो. आधी तपासून घ्या, कमी असेल तेच घ्या, ओळखीच्या दुकानातून घ्या आणि तारीख वाचा. एवढं साधं शहाणपण मला तेव्हा फुकटात मिळालं होतं.

मला वाटलं, प्रकरण संपलं. आईला तसं वाटत नव्हतं. "वाण माझ्या हातून गेलंय," ती म्हणाली. "सांगायला मीच जाणार. तू सोबत ये." बायकोनं गजकाचे नऊ पुडे आणून दिले. आम्ही ऑटो करून घराघरांत गेलो. आई प्रत्येक दारात पुडा पुढं करून सरळ म्हणायची, "मागच्या वाणाची तारीख गेलेली होती. ह्यानं पट्टीखाली झाकली होती. मला माहीत नव्हतं. हे घ्या." मी शेजारी उभा. कुणी हसलं, कुणी मला पाणी दिलं. देवघरात बाटली ठेवणारी म्हणाली, "जाऊ द्या हो, लेकरू आहे." लेकरू बावन्न वर्षांचं आहे.

गुडघेवाल्या काकूंनी बाटली अखेर दिली, पण कुरकुरत. "बाकी काही म्हणा, माझे गुडघे खरंच बरे झाले होते."

"मग तिळगुळानं झाले असतील," आई म्हणाली. "गजक खाऊन बघा."

शेवटचं घर बाईंचं. बाईंनी बाटली कपाटातून काढून माझ्या हातात दिली. उचकटलेली पट्टी त्यांनी नीट बसवली होती, आणि माझ्या "रोज एक, जेवणानंतर"च्या खाली लाल शाईनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "पुन्हा लिहून आण."

आईनं ते वाचलं आणि ती इतकी हसली की बाईंनी तिला धरून खुर्चीवर बसवलं.

घरी येऊन मी पुन्हा लिहिलं. आईच्या नव्या गोळ्या वडिलांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत राहतात. त्या डबीच्या झाकणावर आता माझ्या अक्षरातली पट्टी आहे. वरच्या ओळीत तारीख आहे, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, आणि खाली रोज एक, जेवणानंतर. गोळ्यांची नवी पाकिटं आली की मी वरची ओळ बदलतो.

उजव्या पायातल्या मुंग्या गेल्या. डाव्या तळव्याचा थोडा भाग अजून बधिर आहे आणि तो तसाच राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. आई आता मागं पट्टा असलेली चप्पल घालते. तो पट्टा सकाळी मी लावतो. लावताना विचारतो, "गोळी घेतली ना?" ती "हो" म्हणत नाही. डबी उघडून दाखवते.